किराणा-भाजी आणि जेवण पर्यावरणाला कमी जड कसं करता येईल? पिशवीच्या पलीकडचं बोलू या

रानवाट (धागाकर्ती)

पर्यावरण आणि बाजारहाट असा विषय निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: कापडी पिशवी न्या. चांगलंच आहे, मीही नेते. पण बोलणं बहुतेक वेळा तिथेच थांबतं. त्या पिशवीत काय भरलं, त्यातलं किती शिजलं आणि किती टाकून दिलं, हे कुणी विचारत नाही. खरा भार तिथे आहे, म्हणून हा धागा काढतेय.

थोडे आकडे आधी देते, म्हणजे जोर कुठे लावायचा ते कळेल. २०१८ साली पूर आणि नेमेचेक या दोन संशोधकांनी ११९ देशांतल्या ३८ हजारांहून जास्त शेतांची माहिती एकत्र करून अन्नाचा पर्यावरणावरचा भार मोजला. माणसामुळे हवेत जाणाऱ्या हरितगृह वायूंपैकी साधारण २६ टक्के अन्नामुळे जातात, असं त्यातून निघालं. यातला बहुतेक वाटा शेताचा, जनावरांचा आणि त्यांच्यासाठी तोडलेल्या जंगलांचा. प्रक्रिया, वाहतूक, वेष्टन आणि दुकान हे सगळं एकत्र केलं तरी पाचव्या हिश्शाच्या आतच राहतं.

दुसरा आकडा मला जास्त लागला. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली अन्नाच्या नासाडीचा अहवाल काढला. २०२२ या एका वर्षात जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. ग्राहकांपर्यंत पोचलेल्या अन्नाचा हा १९ टक्के भाग झाला. आणि यातलं ६० टक्के वाया गेलं ते घरांमध्ये. आपण हॉटेलांना आणि मोठ्या दुकानांना बोल लावतो, पण घरांचा वाटा त्या दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त आहे. माणशी वर्षाला ७९ किलो, तेही सरासरी.

टाकलेल्या भाजीबरोबर फक्त भाजी जात नाही. तिला दिलेलं पाणी, खत, पंपाची वीज, ट्रकचं डिझेल, घरच्या फ्रिजची वीज, सगळंच जातं. वर ती कचऱ्याच्या ढिगाखाली हवेविना कुजली की मिथेन सुटतो. वीस वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट तापवतो.

म्हणून माझा क्रम असा आहे. आधी वाया जाणं थांबवायचं, मग पानात काय बदलता येईल ते बघायचं, मग सामान कसं आणतो ते, आणि वेष्टन नि पिशवी सगळ्यात शेवटी. शेवटी म्हणजे 'नको' असं नाही. फक्त तेवढं करून समाधान मानून घेऊ नये.

पिशवीबद्दल एक सांगून तो विषय माझ्यापुरता मिटवते. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ मध्ये वेगवेगळ्या पिशव्यांची तुलना केली होती. साध्या सुती पिशवीला हवामानाच्या दृष्टीने दुकानातल्या एका साध्या प्लॅस्टिक पिशवीची बरोबरी करायला ५२ वेळा वापरात यावं लागतं, आणि सगळे निकष धरले तर ७१०० वेळा. त्या मोठ्या आकड्यात ओझोन थराचा निकष भारी पडला आहे, पण मुद्दा स्पष्ट आहे. घरात आहे तीच पिशवी फाटेपर्यंत वापरा. प्रत्येक कार्यक्रमात फुकट मिळते म्हणून नवीन कापडी पिशवी घेऊ नका.

वाया जाणं थांबवायला सगळ्यात जास्त उपयोग होतो तो बाजाराला निघण्याआधी फ्रिज आणि कपाट उघडून बघण्याचा. फोनवर एक फोटो काढून ठेवला तरी पुरतो. 'आपल्याकडे बटाटे आहेत का गं?' हा प्रश्न दुकानात उभं राहून पडला की माणूस हमखास घेऊनच येतो. दुसरं म्हणजे यादी वस्तूंची न करता जेवणांची करायची. चार जेवणं घरी होणार असतील तर चार जेवणांचीच भाजी. बाहेर जेवण ठरलंय, पाहुणे येणार आहेत, हे त्या यादीतच धरायचं. आणि 'दोनावर एक फुकट' ही योजना नासणाऱ्या मालावर असेल तर सरळ पुढे जायचं.

तुमच्या घरी काय चालतं, काय चालत नाही, ते तपशिलात लिहा. 'जागरूक राहा' वगैरे नको, हाताने करण्यासारखं हवं.

ताटवाटी

क्रम एकदम पटला. मी फ्रिजबद्दल लिहितो, कारण आमच्या घरी नासाडीचं कारण खरेदीपेक्षा विसरणं हे होतं.

फ्रिजमध्ये डोळ्यांसमोरच्या कप्प्यात एक उघडा ट्रे ठेवलाय. 'आधी हे' असं त्यावर लिहिलंय. अर्धा चिरलेला कांदा, कालची उसळ, उघडलेलं दही, मऊ पडायला लागलेला टोमॅटो, सगळं त्यात. स्वयंपाकाला उभा राहणारा आधी त्या ट्रेकडे बघतो आणि मग काय करायचं ते ठरवतो. नवीन आणलेलं सामान मागे सारायचं, जुनं पुढे ओढायचं. दुकानदार फळीवर हेच करतात.

पालेभाजी टिकवायची रीत जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त तीच टाकली जाते. आणल्याबरोबर जुडी सोडायची. जुडीच्या दोऱ्याखाली पानं दबलेली असतात आणि कुजायला तिथूनच सुरुवात होते. पिवळी, चिकट पानं काढून टाकायची, कारण एक कुजकं पान शेजारची चार घेऊन जातं. धुवायची नाही. धुतलीच असेल तर कापडावर पसरून पूर्ण वाळवायची. मग कोरड्या सुती फडक्यात सैलसर गुंडाळून डब्यात, झाकण घट्ट न लावता. फडकं ओलसर झालं की बदलायचं. पानांना ओलावा लागतो, पण पाण्याचे थेंब चालत नाहीत. सगळी युक्ती एवढीच आहे. कोथिंबीर-पुदिन्यासारख्या दांड्यांच्या पाल्याची मुळं पेल्यातल्या पाण्यात बुडवून फ्रिजच्या दारात उभा ठेवला तर तोही छान राहतो.

आणि पिकलेली केळी, सफरचंदं, टोमॅटो यांच्या शेजारी पालेभाजी ठेवू नका. त्यांच्यातून इथिलीन नावाचा वायू सुटतो, त्याने शेजारचं लवकर पिवळं पडतं. कच्चं फळ पिकवायचं असेल तेव्हा मात्र हाच शेजार मुद्दाम घडवायचा.

काजवा

वाचतोय. छान धागा. एक शंका: 'जवळचं खा, स्थानिक खा' हे सगळीकडे ऐकतो. वाहतुकीचा वाटा खरंच इतका कमी आहे का? हजारो किलोमीटरवरून आलेलं फळ वाईट नाही का मग?

रानवाट

काजवा, प्रश्न रास्त आहे. अंतर किती यापेक्षा माल कशातून आला हे महत्त्वाचं. जगातलं बहुतेक अन्न जहाज, रेल्वे आणि ट्रकने फिरतं. एक टन माल एक किलोमीटर न्यायला विमान जहाजाच्या साधारण ५० पट उत्सर्जन करतं. पण टन-किलोमीटरच्या हिशेबात अन्नाच्या वाहतुकीपैकी विमानाने होते ती फक्त ०.१६ टक्के. म्हणजे समुद्रमार्गे आलेल्या केळ्यांचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही, विमानाने आलेल्या नाजूक मालाचं वाटावं.

ओळखायचं कसं? जे चार-पाच दिवसांत नासतं आणि तरीही दूर देशातून ताजं आलंय, ते बहुधा विमानाने आलेलं असतं. बिनहंगामी बेरी, ॲस्परॅगस, कोवळ्या शेंगा अशा गोष्टी. सफरचंद, संत्री, केळी, धान्य, डाळी यांना घाई नसते, ती जहाजाने येतात.

हंगाम मात्र जरूर पाळावा. थंड प्रदेशात तापवलेल्या काचघरात वाढवलेल्या टोमॅटोला जी ऊर्जा लागते, ती कित्येकदा उबदार प्रदेशातून ट्रकने आणलेल्या टोमॅटोपेक्षा जास्त भरते. म्हणून 'जवळचं' आणि 'हंगामातलं' हे दोन्ही जुळलं तर उत्तम, आणि एकच निवडायचं झालं तर मी हंगाम निवडेन. जवळच्या शेतकऱ्याकडून घेण्याची इतर चांगली कारणं आहेतच. ताजं मिळतं, पैसा त्याच्या हातात जातो, काय फवारलं ते विचारता येतं.

उंबरठा

मला थोडी असहमती नोंदवायची आहे. कार्बन हा एकच तराजू धरला की प्लॅस्टिक अगदी निरुपद्रवी दिसायला लागतं, आणि ते खरं नाही. वेष्टनाचं उत्सर्जन कमी असेल, पण ते वेष्टन पुढे कुठे जातं? २०१५ पर्यंत जगात जेवढं प्लॅस्टिक कचऱ्यात गेलं, त्यातलं जेमतेम ९ टक्के पुनर्प्रक्रियेत गेलं, १२ टक्के जाळलं गेलं आणि उरलेलं ढिगाऱ्यांत किंवा उघड्यावर पडलं. हे २०१७ च्या एका गाजलेल्या अभ्यासातले आकडे आहेत. गटारं तुंबतात, जनावरांच्या पोटात जातं, त्याचे बारीक कण पाण्यात उतरतात. हा भार कार्बनच्या रकान्यात दिसतच नाही.

म्हणून वेष्टन 'सगळ्यात शेवटी' हे मला खटकतं. निदान सोबत तरी घ्या.

घरातलं सांगते. चिवडा-बिस्किटांची छोटी छोटी पाकिटं बंद केली, तेवढ्यानेच कचऱ्याची पिशवी निम्मी झाली. ती चकचकीत पाकिटं प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवून केलेली असतात. थर सुटे करणं फार कठीण, त्यामुळे त्यांची पुनर्प्रक्रिया जवळपास होतच नाही. मोठं पाकीट घेऊन घरी डब्यात काढलं की झालं. बाटली किंवा डबा घ्यायचाच असेल तर तळाशी त्रिकोणातला आकडा बघते. १ आणि २ हे सगळ्यात जास्त ठिकाणी गोळा केले जातात, ५ काही ठिकाणी. बाकीच्यांचं नशीब तुमच्या भागातल्या सोयीवर.

पिंपळपान

उंबरठा, थरांच्या पाकिटांबद्दल शंभर टक्के अनुमोदन. तरी सगळं वेष्टन एका मापाने मोजू नये असं वाटतं. स्वित्झर्लंडमधल्या एम्पा या संशोधन संस्थेने स्पेनहून येणाऱ्या काकड्यांचा अभ्यास केला होता. काकडीवरच्या पातळ प्लॅस्टिकचा भार काकडीच्या एकूण भाराच्या सुमारे एक टक्का निघाला, आणि एक काकडी नासून फेकणं हे ९३ काकड्यांच्या वेष्टनाएवढं पडलं. लांबून येणाऱ्या, पटकन सुकणाऱ्या मालाला वेष्टन वाचवतं. शेजारच्या शेतातून सकाळी आलेल्या काकडीला त्याची काहीच गरज नाही. सालीचं फळ, कांदा, बटाटा, नारळ यांना तर कधीच नाही.

काचेबद्दलही असंच. काच पवित्र आणि प्लॅस्टिक पापी असं सरसकट नसतं. काच वितळवायला प्रचंड उष्णता लागते आणि वजनामुळे वाहतूकही जड पडते. बाटली परत जाऊन पुन्हा भरली जात असेल तर काच फार चांगली. एकदा वापरून फेकायची असेल तर नाही. घरात आलेल्या लोणच्या-जॅमच्या बरण्या धुऊन डाळी-मसाल्यांना वापरा, नवीन सुंदर बरण्यांचा संच विकत घेऊ नका.

रानवाट

उंबरठा, तुमचं म्हणणं मान्य. प्लॅस्टिकचा प्रश्न वेगळा आहे आणि तो स्वतःच्या वजनानेच मोठा आहे. माझा आग्रह इतकाच, की त्याच्या नावाखाली नासाडी आणि पानातलं हे दोन मुद्दे झाकले जाऊ नयेत. पिंपळपान, तुमची कसोटी मी वापरेन: वेष्टन माल वाचवतंय की नुसता सजवतंय?

निळाई

तारखांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. पाकिटांवर दोन प्रकारच्या तारखा असतात आणि लोक दोन्ही एकसारख्या वाचतात. 'बेस्ट बिफोर' ही चवीची, कुरकुरीतपणाची तारीख. ती उलटली म्हणून डाळ, पीठ, बिस्किटं, पास्ता, डबाबंद पदार्थ विषारी होत नाहीत. बघा, वास घ्या, चाखा आणि मग ठरवा. 'यूज बाय' ही सुरक्षिततेची तारीख. ताजं मांस, मासे, तयार कापलेलं सॅलड अशांवर ती असते, आणि तिथे नाकावर विश्वास ठेवू नका. आजारी पाडणारे कित्येक जंतू वास बदलत नाहीत.

शिळ्या भाताची काळजी मात्र सगळ्यांनीच घ्या. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात आणि ते शिजवूनही मरत नाहीत. भात तासन्‌तास बाहेर राहिला की ते वाढतात आणि जे विष सोडतात ते पुन्हा गरम करूनही जात नाही. त्यामुळे उरलेला भात पसरट भांड्यात काढून लवकर गार करा आणि फ्रिजमध्ये टाका, दुसऱ्या दिवशी संपवा. फ्रिजही ५ अंशांच्या खाली असू द्या. अन्न वाचवताना घरचं कुणी आजारी पडायला नको.

पाव फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथे तो बाहेरपेक्षा लवकर शिळा होतो. स्लाइस करून फ्रीजरमध्ये ठेवा आणि लागेल तसा थेट भाजा.

काजवा

भाताचं माहीत नव्हतं. धन्यवाद निळाईताई.

दगडफूल

आता पानातल्या मुद्द्याकडे येतो. इथे बरेच जण शाकाहारी असतील, बरेच नसतील. कुणाला शिकवायला लिहीत नाही. आमच्या घरी दोन्ही आहेत.

वर उल्लेख आलेल्या २०१८ च्या अभ्यासातलेच आकडे, १०० ग्रॅम प्रथिनांमागे किलो कार्बन डायऑक्साइडच्या हिशेबात, जागतिक सरासरी. मांसासाठी पाळलेल्या गुरांचं मांस ५०, शेळी-मेंढी २०, चीज ११, डुकराचं मांस ७.६, कोंबडी ५.७, अंडी ४.२, टोफू (सोयाबीनचं पनीर) २, कडधान्ये ०.८ च्या आसपास, वाटाणे ०.४. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटात मिथेन तयार होतो आणि त्यांच्या चाऱ्याला जमीन लागते, म्हणून वरच्या टोकाला ती आहेत. जगातल्या सोयाबीनपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त जनावरांच्या तोंडी जातं. सोयामुळे जंगलं तुटतात हे खरं आहे, पण ते टोफू खाणाऱ्यांमुळे नव्हे.

या यादीतून मला दोन गोष्टी कळल्या. एक, 'मांस सोडा' इतकं टोकाला न जाताही बराच फरक पडतो. मोठ्या जनावराच्या जागी कोंबडी किंवा अंडी आली तरी भार कैक पटींनी उतरतो. दुसरी, शाकाहारी म्हणजे आपोआप हलकं असं नाही. चीज कोंबडीच्या वर आहे. रोज चीज ओतणाऱ्या शाकाहारी घराने त्याचाही विचार करावा.

घरात भांडण न होता कसं करायचं? आम्ही खिम्यात निम्मी शिजवलेली मसूर मिसळतो. मसाला तोच, पोत जवळपास तोच, कुणी तक्रार करत नाही. रश्श्यात तुकडे कमी आणि चणे किंवा बटाटे जास्त. मांस पूर्ण पानाचं नायक न राहता चवीपुरतं उरतं. ज्या दिवशी ताटात मांस नसतं त्या दिवशी 'आज बिनमांसाचं' असं जाहीर करत नाही, नुसतं चांगलं जेवण करतो. जाहीर केलं की विरोध सुरू होतो.

कडधान्यांचं मला फार कौतुक आहे. त्यांच्या मुळांवरच्या गाठींत रायझोबियम जातीचे जिवाणू राहतात आणि हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतात. नत्रखत कमी लागतं. नत्रखतातून नायट्रस ऑक्साइड सुटतो, तो कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवणारा आहे, म्हणजे ही बचत लहान नाही. वर कडधान्यं स्वस्त, वर्षभर टिकणारी, फ्रिज न लागणारी. संयुक्त राष्ट्रांनी २०१६ हे वर्ष कडधान्यांचं म्हणून पाळलं ते काही उगीच नाही.

मुक्काम

सगळं पटतंय, पण मी एकटा राहतो, रात्री उशिरा घरी येतो. कडधान्य भिजवणं, पालेभाजी गुंडाळणं हे मला कसं जमायचं? आणि सेंद्रिय माल तर परवडतच नाही. कधी कधी वाटतं हे सगळं वेळ आणि पैसा असलेल्यांसाठीच आहे.

दगडफूल

मुक्काम, उलट आहे हो. जे सगळ्यात परिणामकारक आहे त्याला पैसे लागत नाहीत, वाचतात. कमी टाकणं, कडधान्य जास्त खाणं, छोटी पाकिटं न घेणं, यातलं काहीच महाग नाही.

सेंद्रियचं ओझं तर डोक्यावरून उतरवा. त्याचे फायदे आहेत, रासायनिक कीटकनाशकं आणि खतं लागत नाहीत, मातीला बरं असतं. पण उत्पादन सरासरी पाचव्या ते चौथ्या हिश्शाने कमी येतं, म्हणजे तेवढ्याच अन्नाला जास्त जमीन लागते. हवामानाच्या हिशेबात ते नेहमी पुढे असतंच असं नाही. परवडलं तर घ्या, नाही परवडलं तर जीव जाळू नका.

एकट्या माणसासाठी: कडधान्य रात्री भिजवायचं विसरलात तर सकाळी निघताना भिजवा, रात्री आल्यावर शिजवा. एकदम जास्त शिजवून, पाणी निथळून, वाटीभराच्या पुड्या करून फ्रीजरमध्ये. पुढे महिनाभर उसळ, सूप, सॅलड, काहीही दहा मिनिटांत होतं. आणि मसूर, मूगडाळ यांना भिजवायची गरजच नाही. भाजी फ्रोझन घेतली तरी हरकत नाही. एकट्याच्या घरात ताजी जुडी अर्धी कुजण्यापेक्षा फ्रोझन वाटाणे मुठीने काढून घेणं केव्हाही बरं.

पिंपळपान

भिजवण्यावरून आठवलं. राजमा शिजवणाऱ्यांनी एवढं नक्की पाळा: पाच तासांहून जास्त भिजवायचा, भिजवलेलं पाणी फेकायचं, आणि ताज्या पाण्यात किमान दहा मिनिटं खळखळ उकळायचाच. त्यात एक नैसर्गिक विषारी द्रव्य असतं, ते उकळल्याशिवाय नष्ट होत नाही. ऊर्जा वाचवायला म्हणून मंद आचेच्या भांड्यात कच्चा राजमा टाकणं धोक्याचं आहे. प्रेशर कुकरमध्ये तो प्रश्न येत नाही.

ऊर्जेसाठी कुकर हाच खरा मित्र. आत पाण्याचा उत्कलनबिंदू १२० अंशांच्या आसपास जातो म्हणून वेळ निम्म्याहून कमी लागतो. शिटी सुरू झाली की आच बारीक करा, जास्त आचेने लवकर शिजत नाही, नुसती वाफ बाहेर जाते. साध्या भांड्यावरही झाकण ठेवा.

काजवा

तांदळाबद्दल कुठेतरी वाचलं होतं की भातशेतीतून मिथेन येतो. मग भात पण सोडायचा का? आणि पाम तेल?

रानवाट

भात सोडायचा नाही, काजवा. पाण्याने भरलेल्या खाचरात मातीला हवा मिळत नाही आणि तिथले जिवाणू मिथेन तयार करतात, हे खरं. त्यामुळे किलोमागे तांदूळ गव्हाच्या जवळजवळ तिप्पट पडतो. पण गुरा-मेंढ्यांच्या मांसाशी तुलना केली तर तो फारच खाली आहे, आणि निम्मं जग त्यावर जगतं. खाचर अधूनमधून सुकू देण्याची पद्धत आहे, तिने मिथेन साधारण निम्म्यावर येतो आणि पाणीही वाचतं. ते शेतकऱ्याच्या आणि धोरणाच्या हातात आहे. आपल्या हातात एवढंच: मोजून रांधणं, आणि अधूनमधून दुसरं धान्य खाणं.

पाम तेलावर नुसता बहिष्कार टाकून भागत नाही. तेवढ्याच जमिनीतून पाम इतर तेलबियांच्या कित्येक पट तेल देतो. त्याच्या जागी दुसरं तेल आलं तर जास्त जमीन लागेल. खरा प्रश्न जंगल तोडून लावलेल्या बागांचा आहे. जंगल न तोडता पिकवलेल्या पामसाठी २००४ साली आरएसपीओ ही संस्था निघाली, तिची प्रमाणपत्राची व्यवस्था आहे. ती निर्दोष नाही, पण काहीच नसण्यापेक्षा बरी. आणि पाकीटबंद फराळ, बिस्किटं, इन्स्टंट नूडल्स कमी झाले की पाम तेल आपोआप कमी होतं.

ताटवाटी

आणण्याबद्दल कुणीच फार बोललं नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. लिटरला १५ किलोमीटर देणारी गाडी घेऊन जाऊन-येऊन १० किलोमीटर गेलो, तर दीड किलो. एक किलो बटाटे पिकवून दुकानात पोचेपर्यंत साधारण अर्धा किलो लागतो. म्हणजे विसरलेल्या कोथिंबिरीसाठी गाडी काढली तर तीन किलो बटाट्यांएवढा भार त्या जुडीवर चढला. चालत, सायकलवर, किंवा कामावरून येताना वाटेत घेतलं की हा हिशेबच उरत नाही.

घरपोच मागवणं सरसकट वाईट नाही. एकाच गाडीने वीस घरांचं सामान ठरलेल्या वेळी आलं, तर वीस जणांनी वीस गाड्या काढण्यापेक्षा ते चांगलं. दहा मिनिटांत एक दही आणि एक चॉकलेट मागवणं हे मात्र गाडी काढण्याचंच दुसरं रूप आहे.

उंबरठा

+१. शिवाय झटपट मागवताना यादी होत नाही, आणि फ्रिजही उघडून बघितला जात नाही.

मुक्काम

दगडफूल, फ्रीजरच्या पुड्यांची युक्ती करून बघतो. शेवटचा प्रश्न, इतकं करूनही सालं, देठ, चहाचा चोथा उरणारच. छोट्या घरात कंपोस्ट करता येतं का? मला वासाची भीती वाटते.

निळाई

येतं. आधी एक: सगळं साल कचरा नसतं. फ्लॉवरचे देठ, मुळ्याचा पाला, कोथिंबिरीच्या काड्या, दुधीची साल, सगळं खाण्यासारखं आहे. बटाटे धुऊन सालीसकट शिजवा, पण साल हिरवी पडली असेल तर ती आणि कोंब खोल कापून टाका.

उरलेल्यासाठी झाकणाची बादली घ्या, बाजूंना आणि तळाला भोकं पाडा, खाली ताटली ठेवा. वास येतो तो हवा न मिळाल्याने आणि पाणी साचल्याने. म्हणून प्रत्येक ओल्या थरावर तेवढाच किंवा थोडा जास्त कोरडा थर: वाळलेली पानं, फाडलेला पुठ्ठा, भुसा, नारळाचा काथ्या. सालं बारीक चिरून टाका, लवकर कुजतात. आठवड्यातून एकदोनदा खालपर्यंत ढवळा. मूठभर हातात घेऊन दाबलं तर पाणी गळता कामा नये, पण हाताला ओलसर लागलं पाहिजे. गळलं तर कोरडं घाला, भुगा झाला असेल तर पाण्याचा हबका मारा.

मांस, हाडं, दुधाचे पदार्थ, तेलकट उरलेलं सुरुवातीला घालू नका, त्यांनीच वास आणि किडे येतात. चिलटं आली तर वर दोन बोटं कोरड्या पानांचा थर द्या. तयार झालेलं खत काळपट, भुसभुशीत असतं आणि त्याला पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. अजून सालं ओळखू येत असतील तर ते तयार नाही, तसंच राहू द्या. आणि घरी जमलंच नाही, तर ओला कचरा वेगळा ठेवून तुमच्या भागात तो वेगळा नेतात का ते विचारा. तेवढ्यानेही तो ढिगाखाली जाण्यापासून वाचतो.

मुक्काम

बादली घरात पडून आहे एक. उद्या भोकं पाडतो.